तोंडं शिवलेली वाकळ

नांदेडच्या भाग्यनगरातल्या त्या गल्लीत फ्लेक्स नसलेला क्लास एकच होता, अंजू मॅडमचा. बाकी सगळ्या भिंती पोरापोरींच्या चेहऱ्यांनी भरलेल्या. गळ्यात हार, तोंडात पेढा, खाली मार्क, आणि कोपऱ्यात हाताची घडी घातलेले सर, पोरांपेक्षा दुप्पट मोठे. अंजूच्या जिन्यापाशी नुसती एक पाटी होती: 'इंग्रजी. कलेच्या पदवीसाठी परदेशी जाणाऱ्यांकरता.' खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना चालवणारे डॉक्टर अमरनाथ तिला दरवर्षी म्हणायचे, "मॅडम, एखादं बॅनर लावा की. तुमचे पोरं बी जाऊन राहिले परदेशी." अंजू म्हणायची, "मी चेहरे विकत न्हाई, डॉक्टर." हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की डॉक्टर ते तिच्या आधीच म्हणून मोकळे व्हायचे. ते म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे मात्र दर वेळी एकच फ्लेक्स असायचा, लातूरच्या औसा रोडवरचा. विरूपाक्ष सरांचा.

विरूपाक्ष सर म्हणजे लातुरातलं बडं प्रस्थ. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज असा की माइकची गरज नाही, तरी माइक हातात. घराणं आडतीचं. सरांनी धान्याऐवजी पोरं पोत्यात भरायला घेतली, एवढाच काय तो फरक, असं अंजू म्हणे. त्यांची पद्धत सोपी होती. उत्तर सर देणार, पोरांनी ते घोकायचं आणि परीक्षेत ओकून यायचं. डॉक्टर-इंजिनियर व्हायला निघालेल्यांचं त्यावर भागतही असेल. पण पुढे सरांनी परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीही तशीच शिकवायला काढली, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

अंजू मुखेडहून त्यांच्याकडे शिकवायला गेली ती बीएड झाल्या झाल्या. तेव्हा तिच्या अंगात हौस मावत नव्हती. टेबलावर एखादी वस्तू ठेवायची आणि पोरांनी तिच्याबद्दल इंग्रजीत बोलायचं, असं तिनं सुरू केलं. पहिल्या दिवशी तिनं घरून आणलेली चुंबळ ठेवली, डोक्यावर घागर घेताना खाली ठेवतात ती कापडाची. पोरं सुटली. एकजण म्हणाला, ही झोपलेल्या सापासारखी दिसते. एक पोरगी म्हणाली, हिला माझ्या आईच्या केसांचा वास असणार. व्याकरण पार मोडकं, पण बोलत होती, आपलं आपण बोलत होती. वर्ग गजबजला आणि सर आत आले.

"काय गोंधळ लावलाय?" सरांनी माइक घेतला. "मॅडम, तुमचं वाक्य पुन्हा म्हणा बरं इंग्रजीत."

अंजूनं म्हटलं. सरांनी ते तिच्याच आवाजात, नाकातून ओढून म्हटलं आणि माइक पोरांकडे फिरवला. सगळ्या वर्गानं एका सुरात ते ओढून म्हटलं. "ऐकलं? ह्याला म्हणायचं मुखेडचं इंग्रजी," सर म्हणाले, आणि छत उडेल असं हसू उसळलं. आईच्या केसांबद्दल बोललेली पोरगीही हसली. अंजूला ते सगळ्यात जास्त लागलं.

तिनं दुसऱ्या दिवशी लातूर सोडलं. प्रकरण तिथं संपलं असतं तर कदाचित तिनंही सोडून दिलं असतं. पण सरांना चटक लागली. दर वर्षी नव्या बॅचच्या पहिल्याच दिवशी ते रुमालाची चुंबळ करून डोक्यावर ठेवत आणि 'चुंबळ मॅडम'ची नक्कल करत. अंजूचा मामेभाऊ त्या क्लासला गेला आणि दिवाळीत कौतुकानं सांगत आला, "ताई, सर तुझी नक्कल लई भारी करतात!" अंजू त्या दिवशी जेवली नाही. ह्या माणसाला आपण एकदा गप्प बसवायचं, तिनं ठरवलं. असं गप्प, की तोंड असून उघडता येऊ नये. कसं, ते ठाऊक नव्हतं. वर्षं गेली, तिचा स्वतःचा क्लास उभा राहिला, पोरं परदेशी जाऊ लागली, पण तो राग तिनं लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता.

आणि एका दुपारी तो राग चालत तिच्या दारात आला. खांद्यावर भलीमोठी गुंडाळी, चेहरा घामेजलेला. "मी सृष्टी. लातूरहून आलेय." मुलगी आत आली, अंजूकडे निरखून बघत राहिली आणि तिच्या तोंडून निसटलं, "तुम्ही चुंबळ मॅडम ना?" लगेच तिनं जीभ चावली. "सॉरी मॅडम. आमच्या घरी... पप्पा म्हणतात तसं. मी विरूपाक्ष सरांची मुलगी."

अंजूच्या कानशिलात ठोके पडायला लागले. म्हणजे घरीसुद्धा! जेवताना, चहा घेताना, पाहुण्यांपुढे! पण तिनं चेहऱ्यावर रेषही हलू दिली नाही. "बस," ती म्हणाली. "काय काम काढलंस?"

सृष्टीला कापडाच्या कलेत पदवी करायची होती, इंग्लंडात. गेल्या महिन्यात एका कॉलेजची मुलाखत घरूनच झाली, लॅपटॉपवर. सर आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या मुलाखतीला करायचे तसंच त्यांनी केलं. लॅपटॉपच्या मागं, कॅमेऱ्याला दिसणार नाही असे खुर्ची टाकून बसले आणि पांढऱ्या बोर्डावर उत्तरं लिहून दाखवत गेले. मुलीनं वाचली. कॉलेजनं कळवलं, उत्तरं उत्तम होती, विद्यार्थिनी कुठे दिसली नाही. आता ह्या वर्षातली एकच मुलाखत उरली होती. ती गेली की सर तिला फार्मसीला घालणार होते, फॉर्मसुद्धा आणून ठेवलेला.

"मला बोलायला शिकवा, मॅडम," सृष्टी म्हणाली. "पण पप्पांना कळू देऊ नका. इथं नांदेडात आत्याकडं राहून काम पूर्ण करते असं सांगून आलेय. मुलाखत तुमच्याइथूनच देते. त्यांना कळलं तर ते येऊन बसतील बोर्ड घेऊन, आणि बोर्ड दिसला की मला माझं काहीच सुचत न्हाई."

"न्हाई सांगणार," अंजू म्हणाली. त्या दिवशी तिला ते खरंच वाटत होतं.

मग सृष्टीनं गुंडाळी सोडली आणि अंजू दोन पावलं मागं सरली. वाकळ होती ती, पण फ्लेक्सची. जुने फ्लेक्स मराठवाड्यात शेळ्यांच्या गोठ्यावर जातात, कांद्यावर जातात. ह्या पोरीनं बापाच्या गोदामातून ते काढले होते, त्यातले चेहरे चौकोनी कापून एकाला एक जोडले होते, खाली आईचं, दानम्माचं, जुनं लुगडं लावलं होतं आणि सगळ्यावरून धावदोरा घातला होता. हार घातलेले शेकडो चेहरे, आणि प्रत्येकाचं तोंड लाल दोऱ्यानं शिवून बंद केलेलं. खालच्या कोपऱ्यात तेवढा एक चौकोन पांढराच होता.

"इथं काय?"

"ठरलं न्हाई अजून."

"बरं. काय दिसतंय ते सांग," अंजूनं इंग्रजीत विचारलं. सृष्टी ताठ उभी राहिली आणि तिच्या तोंडून नळ सुटला. माझं काम स्मृती, पर्यावरण आणि शाश्वत विकास यांचा शोध घेतं, प्लास्टिकचा पुनर्वापर ही काळाची गरज आहे. अंजूनं हात वर केला. "थांब. हे कोण बोललं?"

"मी."

"न्हाई. तुझा बाप बोलला. आता तू बोल."

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. अंजूचा ह्या कामात कुणी हात धरू शकत नव्हतं, हे तिच्या वैऱ्यानंही मानावं. तिकडच्या कलेच्या कॉलेजात काय चालतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. आपलं काम भिंतीवर टांगायचं, सगळ्या वर्गासमोर त्याबद्दल बोलायचं, लोक टीका करतील ती ऐकायची आणि रडू न येऊ देता उत्तर द्यायचं. तिथं पाठ केलेलं अर्धा मिनिटही टिकत नाही. म्हणून ती रोज टेबलावर काहीतरी ठेवी, कधी कुलूप, कधी दवाखान्यातून मागून आणलेली कवळी, आणि सृष्टीनं आधी दिसतं ते सांगायचं, मग का तसं वाटतं ते सांगायचं, मग पुन्हा का. शब्द अडला तर हातानं दाखव, पण उसना आणू नकोस. पोरगी हुशार होती. महिन्याभरात ती इंग्रजीत अडखळत का होईना, पण स्वतः अडखळायला लागली.

एकच प्रश्न ती चुकवायची. तोंडं का शिवली? "छान दिसतं म्हणून," ती म्हणायची. अंजू सोडत नव्हती. का छान? का लाल? का तोंडच, डोळे का नाहीत? एका संध्याकाळी सृष्टी वैतागली आणि मराठीतच फुटली. "कारण ह्यांच्या तोंडात ह्यांचं काहीच न्हाई! सगळी पप्पांची वाक्यं हायती. माझी थोरली ताई जेवायला बसली तरी पप्पांच्या वाक्यात बोलती. मी बी. म्हणून शिवून टाकली, झालं समाधान?" आणि ती ओंजळीत तोंड घालून रडायला लागली.

माणसाला अशा वेळी दया येते. अंजूला आनंद झाला. इतक्या वर्षांत झाला नव्हता एवढा. ज्याची ती वाट बघत होती ते हत्यार हेच होतं आणि ते त्या माणसाच्याच घरात घडलं होतं.

"हेच बोलायचं मुलाखतीत," ती म्हणाली.

"न्हाई मॅडम." सृष्टीनं डोळे पुसले. "पप्पांचं नाव न्हाई काढणार मी. दुसऱ्या शब्दात सांगते. ते कसेबी असू द्या, माझे पप्पा हायत."

"मग जा लातूरला आणि शाश्वत विकास म्हण. फार्मसीत चालतं तेच."

सृष्टीनं वाकळीच्या कडेचा एक दोरा ओढून काढला. मग तिनं मान हलवली. अंजूनं तिच्याकडून ते इंग्रजीत बोलून घेतलं, एकदा, दोनदा, धार येईपर्यंत. त्यातही आपण वाक्य घोकून घेतोय हे अंजूच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं आणि तिनं काणाडोळा केला.

आता एवढंच उरलं होतं की ते ऐकायला तो माणूस समोर हवा. बोर्ड घेऊन, नेहमीच्या खुर्चीत, जिथून शब्द काढला तर पोरीची मुलाखत गेली. सृष्टीला दिलेला शब्द अंजूला आठवला. दिवसभर तिनं तो मनात घोळवला, आणि नेमकी तेव्हाच तिला रुमालाची चुंबळ आठवली. तिनं फोन उचलला. "सर, मी अंजू बोलतेय, मुखेडची. सृष्टीची मुलाखत शनिवारी चारला माझ्या क्लासवर हाय. म्हटलं, बापाला ठाऊक असावं." तिकडून काही उत्तर यायच्या आत तिनं फोन ठेवला.

शनिवारी साडेतीनला जिन्यावर बूट वाजले. विरूपाक्ष सर दारात उभे राहिले. भस्म तसंच, शर्ट तसाच, बगलेत पांढरा बोर्ड. नमस्कारापुरता एक हात त्यांनी छातीशी नेला. "शरणार्थ, अंजू मॅडम. आमच्याच पोरीवर दुकान चालवून राहिल्या का?" त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "असू द्या. ते नंतर बघू. खुर्ची कुठाय?"

सृष्टीचा चेहरा उतरला. तिनं बापाकडे पाहिलं, मग अंजूकडे. मुलाखत कुठं आहे हे ह्या गावात दोघींनाच ठाऊक होतं. अंजू लॅपटॉपची वायर उगाच काढून पुन्हा लावत बसली.

"पप्पा, आज तुम्ही बाहेर बसा ना."

"बाहेर बसायला तीन तास गाडी हाणत आलो का?" सरांनी लॅपटॉपच्या मागं खुर्ची ओढली. भिंतीवर टांगलेल्या वाकळीकडे त्यांनी ओझरतं पाहिलं. त्यांना आपलेच फ्लेक्स दिसले, आणि तेवढ्यानं ते खूष झाले. "प्लास्टिकचा पुनर्वापर, एवढं धरून बोल. बाकीचं मी हाय."

चार वाजता पडद्यावर दोघं आले, एक पांढऱ्या केसांच्या बाई आणि एक तरुण शिक्षक. सगळं इंग्रजीत सुरू झालं. नाव, गाव, कापडच का. सृष्टी हळू आवाजात, पण नीट बोलत होती. सर भराभर लिहीत होते, बोर्ड उंचावत होते, पुसत होते. तिनं तिकडे पाहिलं नाही की ते बोर्डावर मार्कर आपटल्यासारखं करायचे, आवाज न करता. अंजू दाराला पाठ लावून उभी होती.

मग बाईंनी विचारलं, "ही तोंडं का शिवलीत?"

सरांनी झरझर लिहून बोर्ड वर धरला. प्लास्टिक प्रदूषणामुळे गुदमरणारी मानवजात. सृष्टीनं बोर्डाकडे पाहिलं. पाहतच राहिली. पडद्यावरची माणसं थांबली. बोल, अंजू मनात ओरडली, बोल की पोरी.

"हे माझ्या वडिलांच्या क्लासचे विद्यार्थी आहेत," सृष्टी म्हणाली. "वडील उत्तरं देतात, विद्यार्थी ती पाठ करतात. माझे वडील आत्ता ह्या लॅपटॉपच्या मागे बसलेत. त्यांच्या हातात बोर्ड आहे. तुम्ही आत्ता विचारलंत त्याचं उत्तर त्यांनी त्यावर लिहून दिलंय. म्हणून तोंडं शिवली."

विरूपाक्ष सरांचं तोंड उघडलं. उघडलं आणि तसंच मिटलं. ज्या आवाजानं औसा रोड हलायचा तो घशात अडकला होता, कारण एक शब्द बाहेर पडला असता तर पोरीचं वर्ष गेलं असतं, आणि ते त्यांना कळत होतं. बोर्ड हळूहळू मांडीवर आला. भस्माच्या पट्ट्यांतून घाम उतरला. अंजू ते डोळे भरून बघत होती. तिला सुख होत होतं, साधं, निर्लज्ज सुख. रुमालाची चुंबळ, सगळ्या वर्गाचं ते हसू, मामेभावाचं कौतुक, सगळं एका क्षणात फिटलं. तिला वाटलं, आता हा क्षण कधी संपूच नये.

"आणि तो रिकामा चौकोन?" बाईंनी विचारलं.

हे उत्तर घोकलेलं नव्हतं. अंजूनं मान वर केली.

"तो माझ्या दुसऱ्या शिक्षिकेसाठी," सृष्टी म्हणाली. तिची नजर सरळ दाराकडे होती. "त्या दारापाशी उभ्या आहेत. दिसतं ते बोल, असं त्यांनी मला शिकवलं. मला त्याही दिसतात. वडिलांनी त्यांचा अपमान केला होता, त्याची परतफेड करायला त्यांना कुणीतरी हवं होतं. वडिलांना बोलावू नका, असं मी सांगितलं होतं. त्यांनी बोलावलं. वडिलांच्या विद्यार्थ्यांबद्दल आत्ता मी जे वाक्य बोलले तेही त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. त्या फ्लेक्स लावत नाहीत, म्हणून त्यांचा चेहरा माझ्याकडे नाही. पण त्या लावतील. मी वाट बघतेय."

पडद्यावरच्या बाई पुढं वाकल्या आणि दोऱ्याबद्दल विचारायला लागल्या. सृष्टी बोलत राहिली, हातवारे करत, चुकत, स्वतःच हसत. तिला ना बोर्डाची गरज होती, ना दाराची.

मुलाखत संपल्यावर सर उठले. त्यांनी बोर्ड शर्टाच्या बाहीनं पुसला, जिना उतरले आणि गाडीत जाऊन बसले. सृष्टी वाकळ गुंडाळत होती.

"छान बोललीस," अंजू म्हणाली. "शेवटचं तेवढं... मी जे केलं ते तुझ्या भल्यासाठीच केलं, सृष्टी."

"पप्पाबी असंच म्हणतात," सृष्टी म्हणाली आणि गुंडाळी खांद्यावर टाकून गेली.

फ्लेक्स? मी? अंजू पुढचे कित्येक दिवस मनातल्या मनात त्या पोरीशी भांडत होती. कालची कार्टी मला ओळखते म्हणे!

पावसाळ्याच्या तोंडावर सृष्टीला प्रवेश मिळाल्याचं कळलं. तिकडं आधी दहा आठवडे भाषेचा वर्ग, मग पदवी; निघायला अजून महिनाभर अवकाश होता. आणि त्याच आठवड्यात मामेभावानं लातूरहून फोटो पाठवला. औसा रोडवर दोन मजली फ्लेक्स. सृष्टीचा चेहरा, गळ्यात हार, खाली 'आमच्या मार्गदर्शनाचे यश, थेट इंग्लंड', आणि कोपऱ्यात हाताची घडी घातलेले विरूपाक्ष सर. एवढं होऊनही! अंजूच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जे मी घडवलं ते हा माणूस स्वतःच्या नावावर खपवतो? तिनं चप्पल घातली आणि तडक छपाईवाल्याकडे गेली. मागं वळून बघायचं तिला सुचलंच नाही.

दोन दिवसांनी भाग्यनगरातल्या त्या जिन्यावर पहिला फ्लेक्स लागला. सृष्टीचा हसरा चेहरा, 'हिला घडवलं आम्ही', आणि कोपऱ्यात अंजू मॅडम, हाताची घडी घालून. डॉक्टर अमरनाथ खाली उभे राहून बघत राहिले. "मॅडम, चेहरे विकत न्हाई म्हणत होत्या तुम्ही?" त्यांनी विचारलं. अंजू फ्लेक्सची दोरी आवळायला लागली.

आठवडा झाला. एका सकाळी ती क्लास उघडायला आली तर डॉक्टर जिन्यापाशी थांबलेले. "मॅडम, कुणीतरी तुमचं बॅनर फाडून गेलं बघा. पोलिसात सांगायचं का?"

अंजूनं वर पाहिलं. सृष्टी हसत होती, अक्षरं जिथल्या तिथं होती. कोपऱ्यात घडी घातलेले हात होते, साडी होती, आणि चेहरा होता तिथं चौकोनी भोक. कडा कशा सरळ, कात्री शांतपणे चालवलेली. भोकातून मागची भिंत दिसत होती.

"फाडलं न्हाई, डॉक्टर," अंजू म्हणाली. तिचा हात आपोआप तोंडावर गेला. "कापून नेलंय."